कोणते वेग आवरावेत? मूत्रावरोध, श्रम आणि संयमाची मर्यादा

भारतीय धर्मविचारात संयमाला जे मानाचे स्थान आहे, ते फार थोड्या गुणांना लाभले आहे. पतंजलीचा योग चित्तवृत्तींच्या निरोधापासून सुरू होतो, जैन आचारात इंद्रियजय हा मुनिधर्माचा कणा मानला जातो, बौद्ध साधनेत तृष्णेला आवर घालणे हेच दुःखमुक्तीचे साधन ठरते आणि वारकरी संतांनीही षड्रिपू जिंकल्यावाचून भक्तीला खरेपणा येत नाही असे वारंवार बजावले आहे. मात्र याच भूमीत वाढलेल्या वैद्यकशास्त्राने या गुणाला एक स्पष्ट सीमा आखून दिली. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायाचे नावच ‘नवेगान्धारणीय’ असे आहे. वेग धारण करू नयेत, म्हणजे शरीरात उत्पन्न झालेली नैसर्गिक प्रेरणा दाबून ठेवू नये, हा त्याचा विषय आहे. माणसाने आपल्या देहाचा कोणता वेग आवरावा, कोणता आवरू नये आणि तो आवरण्यास भाग पाडण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला असू शकतो काय, हा त्या अध्यायातून उभा राहणारा प्रश्न आहे. एका बाजूला देहू, दुसऱ्या बाजूला आळंदी आणि मध्ये पिंपरी-चिंचवड ते चाकण असा कारखान्यांचा पट्टा पसरलेल्या प्रदेशात तो केवळ ग्रंथातला प्रश्न राहत नाही.

चरकाने न आवरण्याचे तेरा वेग सांगितले आहेत. मूत्र, मल, शुक्र, अधोवायू, वांती, शिंक, ढेकर, जांभई, भूक, तहान, अश्रू, झोप आणि श्रमाने लागणारी धाप अशी ही यादी असून तिच्या आरंभीच मूत्राचा उल्लेख येतो. मूत्राचा वेग रोखल्यास बस्तीत, म्हणजे मूत्राशयात, शूळ उठतो, लघवी कष्टाने होते, डोके दुखते, वेदनेने शरीर वाकते आणि जांघेच्या भागात ताठरपणा येतो, असे लक्षणवर्णन त्याने दिले आहे. परंतु अध्याय येथे संपत नाही. लगेच पुढे आवरण्याजोग्या वेगांची दुसरी यादी येते आणि तीत लोभ, शोक, भय, क्रोध, गर्व, निर्लज्जपणा, मत्सर, परद्रव्याची अभिलाषा हे मनाचे वेग, कठोर, चहाडखोर आणि असत्य बोलणे हे वाणीचे वेग, तसेच चोरी, व्यभिचार आणि परपीडा हे देहाचे वेग मोडतात. या दोन याद्या एकाच अध्यायात शेजारी ठेवण्यामागे एक सुसंगत नीतिविचार आहे. ज्या वेगामुळे दुसऱ्याला इजा होते तो आवरणे हा धर्म, आणि ज्या वेगाने देह स्वतःला शुद्ध व जिवंत राखतो त्याला वाट देणे हाही धर्मच, असे चरकाचे म्हणणे आहे. संयमाचे क्षेत्र लोभ आणि क्रोध हे आहे. तहान आणि लघवी त्या क्षेत्राबाहेरची आहेत.

हा भेद किती मूलभूत आहे हे मूत्रमार्गाची रचना पाहिली की कळते. माणसाची दोन मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात, त्यातला बहुतेक सारा पुन्हा शोषून घेतात आणि उरलेला साधारण दीड ते दोन लिटर भाग मूत्र म्हणून बाहेर टाकतात. प्रत्येक मूत्रपिंडातून निघालेली मूत्रवाहिनी २५ ते ३० सेंटिमीटर लांब आणि अवघी काही मिलिमीटर रुंद असते. तिची भिंत लाटेप्रमाणे आकुंचन पावत मूत्र खाली ढकलते आणि ४०० ते ५०० मिलिलिटर सामावणाऱ्या मूत्राशयात ते साठते. या वाटेत कोठेही अडथळा आला तरी मूत्रपिंडाचे काम तत्काळ थांबत नाही. ते मूत्र तयार करतच राहते, पुढे जाता न आल्याने ते मागे तुंबते आणि मूत्रपिंडातील पोकळ भाग फुगू लागतो. सोनोग्राफीच्या अहवालात यालाच हायड्रोनेफ्रोसिस म्हणतात आणि रुग्णाला ‘किडनीला सूज आली आहे’ असे सांगितले जाते. ही सूज जखमेवर येते तशी दाहाची नसून तुंबलेल्या मूत्राच्या दाबाची असते. दाब वाढत गेला की गाळण मंदावते, रक्तपुरवठा घटतो आणि मूत्रपिंडाचा कार्यक्षम भाग हळूहळू पातळ होत जातो. अडथळा काही दिवसांत दूर झाला तर बहुतेक कार्य परत येते. तो कित्येक आठवडे पूर्णपणे तसाच राहिला तर हानीचा मोठा भाग कायमचा ठरतो.

अडथळ्याची कारणे वयानुसार बदलतात. अर्भकात मूत्रपिंड आणि मूत्रवाहिनी यांचा सांधाच जन्मतः अरुंद असू शकतो, तरुण व मध्यम वयात मूतखडा हे नेहमीचे कारण असते, उतारवयात पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढून मूत्रमार्ग दाबते आणि स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग पसरल्यास दोन्ही मूत्रवाहिन्या बंद होऊ शकतात. खडा अचानक अडकला तर कुशीतून जांघेकडे जाणारी असह्य कळ येते. पण अडथळा सावकाश वाढला तर वेदना जवळजवळ नसतेच आणि एक मूत्रपिंड निकामी होईपर्यंत माणूस कामावर जात राहतो. अडलेल्या जागी जंतुसंसर्ग झाला की थंडी वाजून ताप येतो, आणि अशा वेळी केवळ प्रतिजैविकांनी भागत नाही, तर मूत्रवाहिनीत स्टेंट घालून किंवा पाठीतून थेट मूत्रपिंडात नळी बसवून तुंबलेले मूत्र आधी मोकळे करावे लागते. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला आणि देशात पेनिसिलिन बनू लागले, हा या परिसराच्या औद्योगिक इतिहासातला अभिमानाचा टप्पा होय. तथापि जेथे वाटच बंद आहे तेथे उत्तमातले उत्तम औषधही वाट मोकळी करण्याची जागा घेऊ शकत नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. निरोगी माणसाने एखाद्या दिवशी लघवी काही तास दाबून ठेवली म्हणून त्याच्या मूत्रपिंडाला सूज येते असे आधुनिक वैद्यक मानत नाही. हानीची साखळी अधिक लांब आहे. लघवीला जाणे जिकिरीचे असेल तर माणूस पाणी कमी पितो. पाणी कमी पडले की मूत्र दाट होते, त्यातील कॅल्शियम आणि ऑक्झलेट यांचे स्फटिक जमून खडे बनतात. मूत्राशय वेळेवर रिकामे न झाल्यास जंतूंना वाढायला अवसर मिळतो. आणि ज्याची प्रोस्टेट आधीच वाढलेली आहे, त्याचे मूत्राशय प्रमाणाबाहेर ताणले गेल्यास लघवी एकाएकी पूर्ण अडू शकते. इटलीतील पार्मा येथील संशोधकांनी मूतखड्याच्या रुग्णांचा पाच वर्षे पाठपुरावा करून १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भरपूर पाणी पिणाऱ्या गटात सुमारे १२ टक्के लोकांना पुन्हा खडा झाला, तर नेहमीप्रमाणे पाणी पिणाऱ्या गटात हे प्रमाण २७ टक्के होते. पाण्याचा पेला आणि लघवीची मोकळीक या दोन गोष्टी अशा रीतीने एकमेकींना बांधलेल्या आहेत. चरकाच्या यादीत तहान आणि मूत्र हे दोन्ही वेग येतात, आणि एकाला रोखले की दुसराही रोखला जातो.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि पुढच्या दशकांत पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही गावे यंत्रांच्या आवाजाने भरून गेली. नंतर चाकण, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी येथवर मोटारी आणि त्यांचे सुटे भाग बनवणारे कारखाने पोहोचले. या पट्ट्यातील जुळणीच्या साखळीचे, म्हणजे ‘लाइन’चे, काम ठरावीक सेकंदांच्या आवर्तनात बांधलेले असते. समोर आलेल्या सांगाड्यावर आपला भाग बसवायचा, बोल्ट आवळायचे, तोवर पुढचा सांगाडा आलेला असतो. कामगाराला लघवीला जायचे असेल तर तो लाइन लीडरला हात करतो आणि त्याच्या जागी काही मिनिटे उभा राहणारा राखीव कामगार, ज्याला ‘रिलीव्हर’ म्हणतात, आला की मगच तो जागा सोडू शकतो. जेथे रिलीव्हर पुरेसे असतात तेथे अडचण येत नाही. जेथे ते नसतात किंवा एकच रिलीव्हर पंधरा-वीस जागा सांभाळतो, तेथे चहाच्या सुट्टीची वाट पाहावी लागते, आणि आपल्यामुळे लाइन थांबली हा ठपका नको म्हणून कंत्राटी कामगार मुकाट्याने तेवढा वेळ काढतो. भोसरीच्या भट्ट्यांपुढे उभ्या असलेल्या माणसाच्या अंगातले पाणी घामावाटे जाते आणि मूत्र आणखी दाट होते. लहान शेडमधील स्त्रियांना स्वच्छ व कडी लागणारे स्वच्छतागृह नसेल, तर सकाळी घरून निघताना पाणी न पिणे हाच त्यांचा उपाय होऊन बसतो. चाकणच्या रस्त्यावर तासन्‌तास खोळंबलेल्या ट्रेलरच्या चालकाचीही तीच गत होते. ‘उन्हाळी लागली’ म्हणून जिरे-धण्याचे पाणी पिऊन हे सारे पुन्हा पाळीवर हजर होतात.

अशा देहधारणेचा दोष कोणाच्या पदरी घालायचा, यावर चरकसंहितेत विचाराचे दोन धागे सापडतात. शारीरस्थानात ‘प्रज्ञापराध’ ही संकल्पना मांडली आहे. बुद्धी, धैर्य आणि स्मृती यांच्या भ्रंशामुळे माणूस जे अहितकारक कर्म करतो त्याला हे नाव आहे, आणि उत्पन्न झालेले वेग रोखणे हा त्याचाच एक प्रकार म्हणून गणला आहे. केवळ एवढाच धागा धरला तर दोष लघवी दाबणाऱ्या कामगाराचा ठरतो, आणि ‘पाणी भरपूर प्या, लघवी दाबू नका’ या भिंतीवरच्या फलकाने व्यवस्थापनाची जबाबदारी संपते. परंतु विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात, जेथे संपूर्ण जनपदाचा विध्वंस करणाऱ्या रोगांची चर्चा आहे, तेथे चरक पुढचे पाऊल टाकतो. देश, नगर, व्यापारी वसाहत आणि जनपद यांचे प्रमुख जेव्हा धर्म सोडून वागतात तेव्हा त्यांचा अधर्म आश्रितांपर्यंत पसरतो आणि अनेकांचे आरोग्य एकदम बिघडते, असे तेथे सांगितले आहे. हे विवेचन साथींच्या संदर्भातले असले तरी त्यातील तत्त्व व्यापक आहे. ज्याच्या हाती इतरांच्या दिनक्रमाची आखणी आहे, त्याच्या बुद्धीचा अपराध इतरांच्या शरीरात रोग होऊन प्रकटतो. आवर्तनाचे सेकंद ठरवणारा, रिलीव्हरची संख्या कापणारा आणि शेडचा नकाशा मंजूर करणारा, हे सारे या अर्थाने दुसऱ्याच्या मूत्राशयावर निर्णय घेत असतात. म्हणून प्रज्ञापराधाचा विचार त्यांच्यापासून सुरू झाला पाहिजे.

यावर धर्माच्या बाजूने पहिला आक्षेप असा घेता येईल की सोसणे हे तप आहे, आणि कष्टाळू माणसाने देहाचे फार लाड करू नयेत. या आक्षेपाला गीतेनेच उत्तर दिले आहे. सतराव्या अध्यायात शास्त्रविहित नसलेले घोर तप करून शरीरातील भूतसमुदायाला आणि अंतर्यामी असलेल्या ईश्वराला कष्टवणाऱ्यांची बुद्धी आसुरी म्हटली आहे, आणि स्वतःला पीडा देऊन किंवा दुसऱ्याच्या नाशासाठी केलेल्या तपाला तामस ठरवले आहे. सहाव्या अध्यायात तर आहार, विहार, कर्म, झोप आणि जागरण यांचे प्रमाण राखणाऱ्यालाच योग साधतो असे प्रतिपादन आहे. मराठी परंपरेत याची अधिक जवळची साक्ष चोखामेळ्याच्या मृत्यूत आहे. मंगळवेढ्याच्या तटाचे काम वेठीने करवून घेतले जात असताना भिंत कोसळून इतर मजुरांबरोबर चोखोबाही गाडले गेले, असे परंपरा सांगते, आणि त्यांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारापाशी आहे. वारकऱ्यांनी त्या समाधीला वंदन केले ते चोखोबाच्या भक्तीला. वेठ लावणाऱ्याच्या हुकमाला कोणीही पुण्य म्हटले नाही. स्वतः स्वीकारलेले कष्ट आणि लादलेले कष्ट बाहेरून सारखे दिसले तरी नीतीच्या दृष्टीने त्यांची जात वेगळी आहे.

पाश्चात्त्य इतिहासातील दोन मृत्यू हाच भेद दाखवतात. दुःखाचा अभाव हेच सुख असे शिकवणारा ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस इसवी सनपूर्व २७० मध्ये खड्यामुळे लघवी अडून वारला, आणि त्या तीव्र वेदनेतही मित्रांशी झालेल्या संवादांची आठवण आपल्याला आनंद देते असे त्याने पत्रात लिहिल्याचे डायोजिनिस लाएर्शियसने नमूद केले आहे. त्याचे धैर्य खरे होते, कारण ते त्याच्या स्वतःच्या मनातून आले होते आणि टाळता न येणाऱ्या वेदनेला दिलेले ते उत्तर होते. याउलट खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे १६०१ सालच्या ऑक्टोबरात प्रागमधील एका मेजवानीत यजमानाआधी उठणे शिष्टाचाराला सोडून होईल म्हणून लघवी दाबून बसला. घरी आल्यावर त्याला लघवी होईना आणि अकरा दिवसांनी तो मरण पावला. त्याच्या मृत्यूबाबत पुढे विषप्रयोगाचा संशय घेतला गेला होता, परंतु २०१० साली थडगे उघडून केलेल्या तपासणीत त्याला आधार मिळाला नाही. एका पंगतीच्या मर्यादेसाठी रोखलेल्या त्या वेगात सोसणे होते, पण त्याला तप म्हणता येत नाही. उत्पादनाच्या उद्दिष्टासाठी रोखलेल्या वेगालाही ते नाव देता येणार नाही.

दुसरा आक्षेप कर्मसिद्धांताचा आहे. कर्मविपाकाच्या ग्रंथांत अनेक रोगांची कारणे पूर्वजन्मीच्या पापांत शोधलेली आहेत, आणि आजही गर्भावस्थेतील सोनोग्राफीत बाळाचे मूत्रपिंड फुगलेले दिसले की आई स्वतःच्या कोणत्या चुकीचे हे फळ म्हणून झुरत राहते. वास्तविक अशा पुष्कळ अर्भकांची सूज जन्मानंतर आपोआप उतरते, आणि उरलेल्यांपैकी ज्यांचा सांधा खरोखर अरुंद असतो त्यांच्यावर तेवढा भाग कापून पुन्हा जोडण्याची शस्त्रक्रिया यशस्वी होते. चरकानेही आयुष्य सर्वस्वी दैवाने ठरलेले असते हे मत नाकारले आहे. दैव आणि पुरुषकार, म्हणजे माणसाचा या जन्मीचा प्रयत्न, यांच्या बलाबलावर आयुष्य अवलंबून असते आणि सारेच आधी ठरलेले असते तर औषधाला, पथ्याला आणि सावधगिरीला काही अर्थच उरला नसता, असा त्याचा युक्तिवाद आहे. सुश्रुताने मूतखड्याच्या शस्त्रक्रियेविषयी हीच भूमिका कृतीत उतरवलेली दिसते: शस्त्र न चालवल्यास मृत्यू निश्चित आणि चालवल्यास यशाबद्दल संशय, तेव्हा राजाला विचारून शस्त्रक्रिया करावी, असा त्याचा आदेश आहे. कर्माचा हिशेब मांडत बसण्यापेक्षा अडलेली वाट उघडणे हेच येथे वैद्याचे कर्म ठरते.

या विषयावरील मौनाचे खरे कारण मात्र तत्त्वज्ञानात नसून लाजेत आहे. शौचाच्या नियमांनी मलमूत्राला अपवित्र ठरवले, त्यामुळे त्याविषयी बोलणेही अमंगळ मानले गेले, आणि सुपरवायझरकडे लघवीसाठी वारंवार परवानगी मागणे स्त्रीला तर मानहानीचेच वाटते. परंतु धर्मपरंपरांत याहून वेगळा सूरही आहे. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडातील तिसरे सूक्त मूत्र मोकळे व्हावे यासाठीची प्रार्थना आहे. आतड्यांत, कुशीतल्या दोन वाहिन्यांत आणि बस्तीत जे साठून राहिले आहे ते बाहेर पडो, अशी मागणी तेथे देवतांकडे केली आहे. ज्यू धर्मात लघवी-शौचाहून आल्यावर म्हणायची एक आशीर्वचनरूप प्रार्थना आहे, जिचा उल्लेख तालमूद या ग्रंथात येतो. देहातील एखादी उघडी वाट बंद झाली किंवा बंद असलेली उघडली तर जगणे अशक्य होईल, याची जाणीव ठेवून तीत ईश्वराचे आभार मानले जातात. ज्या धर्मांनी या साध्या क्रियेसाठी मंत्र रचले, त्यांच्या दृष्टीने ती लपवण्याची गोष्ट नव्हती.

पिंपरी-चिंचवडला ही जाण परकी नाही. तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामी असते तेव्हा वारकऱ्यांसाठी फिरती शौचालये उभी राहतात, पाण्याचे टँकर येतात आणि त्याला कोणी चैन म्हणत नाही, कारण चालणाऱ्याच्या देहाची सोय हा वारीच्या सेवेचाच भाग आहे हे सर्वांना मान्य असते. तीच सेवा वर्षभर उभे राहून काम करणाऱ्याला नाकारण्यास धर्माचा आधार नाही, आणि कायद्याचाही नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पिण्याच्या पाण्याची सोय बंधनकारक केली, २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उन्हाळ्यात थंड पाणी देण्याची सक्ती केली, सलग पाच तासांहून अधिक काम विश्रांतीविना घेण्यास मनाई केली आणि स्त्री-पुरुषांसाठी वेगळी स्वच्छतागृहे, कामगार कारखान्यात असेपर्यंत कोणत्याही वेळी जाता येतील अशी, असावीत असे सांगितले. ‘कोणत्याही वेळी’ या अटीत चहाच्या सुट्टीची वाट पाहणे बसत नाही.

तेव्हा चाकण-भोसरीच्या प्रत्येक कारखान्यातील सुरक्षा समितीने, कामगार संघटनेने आणि ठेकेदारानेही तीन गोष्टी आपल्या धर्मकर्तव्यात धराव्यात: प्रत्येक लाइनवर पुरेसे रिलीव्हर, हाताशी थंड पाणी आणि स्त्रियांसाठी कडी लागणारे स्वच्छ स्वच्छतागृह. ज्याच्या कुशीत कळ उठते आणि सोबत थंडी वाजून ताप येतो, किंवा ज्याची लघवी एकाएकी बंद होते, त्याने पाळी संपण्याची वाट न पाहता त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. आवरण्याजोगे वेग या पट्ट्यात पुष्कळ आहेत; नफ्याचा लोभ हा त्यांतला पहिला, आणि तो आवरण्याची जबाबदारी लाइनवर उभ्या असलेल्या माणसाची नाही.